लाईन गेली, गेट लॉक, अन् तुम्ही बाहेर: आपल्याच अपार्टमेंटमध्ये शिरायचं कसं, कोणत्या क्रमाने

इन्व्हर्टर, कॅमेरे अन् गेटचे लॉक बसवणं हा माझा धंदा, त्यामुळे लाईन गेली की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "भाऊ, गेट उघडूनच नाही राहिलं." विचारलं की काय काय केलं, तर आधी ओढून पाहिलं, मग दोघांनी मिळून ओढलं, मग कार्ड दहादा घासलं, मग एक पोरगं कंपाउंडवर चढवलं, अन् चाबी कोणाकडे आहे हे सगळ्यात शेवटी विचारलं. क्रम बरोबर उलटा. वरूड-मोर्शी असो की आर्णी-दारव्हा, तालुक्याच्या गावात आता तीन-चार मजली अपार्टमेंट उभे झाले, त्याला शहरासारखे लॉकही लागले, पण लाईन शहरासारखी नाही, अन् लॉक बसवताना लाईन गेल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलंच नसते.

हे सगळं तिथं राहणाऱ्यांसाठी आहे. यातलं अर्ध्याहून जास्त काम लाईन असताना, दिवसा करायचं आहे. रात्री दोन वाजता शेतातून ओलीत करून आल्यावर गेटसमोर उभं राहून हे वाचायला काढाल तर फार उपयोग नाही.

१. आधी आपलं लॉक कोणत्या जातीचं ते ओळखा

इथंच सगळे चुकतात. "इलेक्ट्रॉनिक लॉक आहे" एवढंच माहीत असते. खरा प्रश्न एकच, की करंट गेल्यावर ते सुटते की बसते.

मॅग्नेट लॉक: दरवाज्याच्या वरच्या चौकटीला लांब चपटी पट्टी असते, दरवाज्यावर लोखंडी पाटी. करंट आहे तोवर चिकटून, करंट गेला की सुटते. नेहमीचा ६०० पौंडवाला मॅग्नेट म्हणजे साधारण २७० किलोची पकड, म्हणून ओढून उघडायचा विचार सोडा, हँडल हातात येईल पण दरवाजा येणार नाही.

स्ट्राइक लॉक: हा चौकटीत, कडी जिथं बसते तिथं असते. यातले बरेच लाईन गेल्यावर बंदच राहतात, अन् बाहेरून साध्या चाबीने उघडतात. बोल्टवाले लॉक दोन्ही जातीचे मिळतात, तेव्हा डब्यावर काय लिहिलं ते बसवणाऱ्याला विचारा, नाहीतर खाली सांगतो तशी टेस्ट घ्या.

मोटरवालं सरकतं गेट: लाईन गेली की जिथं आहे तिथंच अडकते. गिअर धरून ठेवतो.

चॅनल गेट: यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, पण आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक याच्यामुळेच बाहेर राहतात. लाईन गेली, मॅग्नेट सुटला, म्हणून चौकीदाराने चॅनल गेट ओढून कुलूप लावलं, अन् गरमीमुळे गच्चीवर झोपायला गेला. त्याची काही चूक नाही म्हणा, त्याला सांगितलंच तसं असते.

आता मॅग्नेट लाईन गेली की सुटतो, मग लोक बाहेर का अडकतात? तर त्याच्यामागे बॅटरी असते. मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली एक लोखंडी डबा दिसेल, त्यात पॉवर सप्लाय अन् १२ व्होल्ट ७ एएचची छोटी बॅटरी. मॅग्नेट साधारण अर्धा अँपिअर खाते, म्हणजे हिशोबाने नवीन बॅटरीवर रात्र निघायला पाहिजे. पण ही बॅटरी २५ डिग्रीच्या हिशोबाने बनवलेली असते अन् वर १० डिग्री वाढले की तिचं आयुष्य जवळपास अर्धं होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, त्या बंद डब्यात किती होत असेल तुम्हीच पाहा. दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर फार विसंबू नका.

अन् सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे अर्धवट बॅकअप. बसवणाऱ्याने बॅटरीवर फक्त मॅग्नेट जोडला, कार्डचं किंवा बोटाचं मशीन साध्या अॅडॉप्टरवर भिंतीच्या प्लगमध्ये खुपसलं. लाईन गेली की मशीन मेलं, मॅग्नेट जिवंत. कार्ड लावा, नंबर दाबा, बोट लावा, काही होत नाही, अन् दरवाजा तर पक्का बंद. बॅटरी उतरेपर्यंत तुम्ही बाहेर. हे मी इतक्या बिल्डिंगमध्ये पाहिलं की आता डबा उघडला की पहिले तेच पाहतो.

*टेस्ट अशी घ्या:* रविवारी सकाळी, सगळ्यांना आधी सांगून, एक जण आत अन् एक बाहेर उभे राहा. लिफ्ट रिकामी अन् खाली आहे हे पाहून कॉमन मीटरचा एमसीबी (मीटरजवळचा करंट तोडायचा खटका) पाडा. मग पाहा: मशीनचा लाईट राहिला का? कार्ड लागलं का? दरवाजा लगेच सुटला की धरून राहिला? किती वेळ धरून राहिला? आतलं एक्झिट बटन चाललं का? तेवढं कागदावर लिहून मीटर रूमच्या दारामागे चिकटवा. मशीनचा लाईट गेला पण मॅग्नेट धरून आहे असं दिसलं तर अर्धवट बॅकअप, वायरमनला सांगून मशीनही त्याच बॅटरीवर घ्या. मोठा खर्च नाही.

*सावध:* डब्यात हात तुम्ही घालू नका. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी त्याच डब्यात २३० ची वायर येते.

२. चाब्या: किती, कोणाकडे, कुठं

लॉक कितीही भारी असो, शेवटी चाबीच कामी येते. तेव्हा बिल्डिंगमध्ये एक तरी रस्ता असा पाहिजे जो नुसत्या चाबीने बाहेरून उघडतो. मोठ्या गेटच्या बाजूचं छोटं गेट त्यासाठी सगळ्यात बरं. त्याला साधं चांगलं कुलूप लावा अन् त्याची एक-एक चाबी प्रत्येक फ्लॅटला द्या. लोक म्हणतात मग सेक्युरिटी काय राहिली. अरे, तुमच्या घराची चाबी पण तुमच्याजवळ असतेच ना.

चाबी देताना वहीत सही घ्या, भाडेकरू गेला की परत घ्या, हरवली की कुलूपच बदला. मोटर गेटची रिलीज चाबी (गिअर सोडून गेट हाताने सरकवायची), मीटर रूमची चाबी अन् गच्चीची चाबी या तीन वेगळ्या, त्या दोन-तीन घरी ठेवा, अन् त्यातलं निदान एक घर तळमजल्यावरचं किंवा पहिल्या मजल्यावरचं असू द्या. गावी जाताना ती चाबी शेजारी देऊन जायची, सोबत नेऊन पुलगावच्या लग्नात फिरवायची नाही.

कुंडीखाली, मीटरच्या डब्यावर, तुळशीवृंदावनाच्या खाचेत चाबी ठेवू नका, चोर पण त्याच गावचा असतो. गेटचा नंबर पिन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्या ग्रुपमध्ये सोडून गेलेले तीन भाडेकरू अन् एक प्लंबर अजून आहेच.

चॅनल गेटचं एक वेगळं सांगतो. आतल्या माणसाला कधीही, चाबी न शोधता, बाहेर पडता आलं पाहिजे. रात्री कुलूप लावून चौकीदार चाबी घेऊन गच्चीवर गेला अन् खाली मीटरला आग लागली तर जिन्यातून आलेला माणूस जाईल कुठं? राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर पडायचं दार आतून बिनाचाबी उघडलं पाहिजे असंच आहे. कुलुपाऐवजी आतून फिरवायची कडी अन् बाहेरून चाबी असं लॉक लावा. ते होईपर्यंत निदान एक चाबी आतल्या भिंतीवर, बाहेरून हात पोहोचणार नाही अशी, खिळ्याला टांगून ठेवा.

३. खिशात काय पाहिजे

छोट्या गेटची चाबी अन् फ्लॅटची चाबी एकाच रिंगमध्ये. छोटी टॉर्च, मोबाईलची नाही, वेगळी. मोबाईलची बॅटरी फोन लावायला ठेवा. दोन शेजाऱ्यांचे अन् चौकीदाराचा नंबर कागदावर लिहून गाडीच्या डिकीत, कारण मोबाईल बंद पडला की पाठ असलेला नंबर आजकाल कोणाचाच नसतो.

टॉवरला पण बॅटरीच असते, लाईन जास्त वेळ गेली की नेटवर्क जाते. म्हणून शेतातून किंवा एसटीतून उतरताना, नेटवर्क आहे तोवरच घरी सांगा की येऊन राहिलो. बोटावर विसंबूनही राहू नका. कापूस वेचून, विळा-फावडं धरून बोटाच्या रेघा झिजतात, ओल्या मातीचा हात असला की मशीन लाईन असतानाही घेत नाही. ज्यांचं बोट लागत नाही त्यांना कार्डही करून द्या, घरच्या म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच.

४. गेटसमोर पोहोचल्यावर, हात लावायच्या आधी

वारा-वावधन होऊन लाईन गेली असेल तर पहिले वर पाहा, मग खाली पाहा. तुटलेली वायर गेटवर, कंपाउंडच्या तारेवर किंवा साचलेल्या पाण्यात पडली असेल तर तिथून लांब व्हा. लाईन गेली म्हणजे वायर मेलेलीच आहे असं नाही, अन् ती कधीही परत येते. गेटला हात लागून झिणझिण्या आल्या तरी तेच, मागे सरका, दुसऱ्यांना थांबवा, १९१२ ला फोन लावा. हा महावितरणचा टोल फ्री नंबर.

वायर नाही, सगळं ठीक दिसते, तर आता पाहा की लाईन फक्त तुमच्या बिल्डिंगची गेली का. समोरच्या दुकानात उजेड आहे अन् तुमच्याकडे नाही, तर कॉमन मीटरचा एमसीबी पडला असेल किंवा फ्यूज गेला असेल, ते आतला माणूस दोन मिनिटात पाहू शकतो. पूर्ण गल्ली अंधारात असेल तर डीपीवरचं (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचं) किंवा फीडरचं (सबस्टेशनहून येणाऱ्या मोठ्या लाईनचं) काम, त्यात तुमच्या हातात काही नाही.

मग दोन मिनिटं थांबा. खरंच थांबा. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर बदली व्हायला वेळ लागतो, मशीन परत चालू व्हायलाही लागतो, अन् तेवढ्यात घाईघाईने चुकीचा पिन पाच वेळा दाबला की काही मशीन स्वतःच लॉक होऊन बसतात.

५. उघडायचा क्रम

१) दरवाजा हलकेच ढकलून पाहा. मॅग्नेट सुटला असेल तर उघडाच असतो. हसू नका, लोक बंद समजून अर्धा तास बाहेर उभे असतात.

२) मशीनवर लाईट आहे का? असेल तर कार्ड किंवा पिन, एकदा, शांतपणे.

३) नाही झालं तर छोट्या गेटची चाबी. बऱ्याच जणांचं काम इथंच संपते.

४) चाबी नाही तर आतल्या माणसाला फोन. बेल अन् व्हिडिओ डोअरफोन मेलेला असते, दाबत बसू नका. उन्हाळ्यात लोक गच्चीवर असतात, म्हणून हाक वरती मारा, दारावर ठोकून काही होत नाही. आतल्याने खाली येऊन पहिले एक्झिट बटन दाबायचं. त्यानेही नाही झालं तर दाराजवळच्या हिरव्या इमर्जन्सी डब्याची काच दाबायची, त्याने मॅग्नेटचा करंटच तुटतो.

*आतल्या माणसासाठी:* हाक ऐकली म्हणून लगेच बटन दाबू नका. टॉर्च चेहऱ्यावर मारून, नाव अन् फ्लॅट नंबर विचारून मगच. "मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा भाचा" असं म्हणणाऱ्यासाठी आधी त्या काकांनाच खाली बोलवा. राग येईल कोणाला तर येऊ द्या.

५) यातलं काहीच नाही तर बॅटरी उतरायची वाट पाहणं हाही रस्ता आहे, फक्त सोबत लेकरू किंवा आजारी माणूस असेल तर नाही.

*सावध:* कंपाउंडवर चढू नका. वरचे भाले अन् काचा अंधारात दिसत नाहीत, शिवाय रानडुकरासाठी जागलीला बसून आलेला गावकरी अंधारात भिंतीवर माणूस पाहून काय समजेल याचा भरवसा नाही. पट्टीच्या फटीत पेचकस घालून मॅग्नेटही उचकू नका, त्याने लॉक सुटत नाही, पण पाटी वाकडी होते अन् मग लाईन आल्यावरही नीट चिकटत नाही.

६. मोटरवालं गेट हाताने सरकवायचं असेल तर

गाडी आत घ्यायचीच असेल तेव्हाच हे करा, नाहीतर गाडी बाहेर लावून पायी आत जा. मोटर बहुतेक आतल्या बाजूला असते, म्हणून आधी छोट्या गेटने आत जायचं.

पहिले मोटरचा एमसीबी पाडा. हे विसरतात, अन् गेट अर्धं सरकलं की लाईन येते अन् काही गेट आपल्या मनाने चालू होतात, बोट चेमटायला तेवढं पुरते. मग मोटरच्या अंगावरच्या छोट्या झाकणात रिलीज चाबी घालून फिरवा अन् आतली दांडी ओढा, गिअर सुटला की गेट हलकं होते. चाबी कंपनी-कंपनीची वेगळी, दिवसा एकदा हाताने करून पाहिलेलंच बरं. मग दोन्ही हाताने, हळू, खालच्या रुळात खडा नाही हे पाहून सरकवा.

गेट जड लागत असेल तर गिअर सुटलाच नाही. जोर लावू नका. खालची दातेरी पट्टी अन् मोटरचा गिअर दोन्ही जातात, अन् ते रिपेअर करायला माणूस अमरावती नाहीतर नागपूरहून येते.

गाडी आत आली की गेट बंद करून दांडी परत बसवा. गिअर सुटलेलं गेट बाहेरून कोणीही एका हाताने सरकवते.

७. आत शिरल्यावर

मागे वळून पाहा. मॅग्नेट मेला असेल तर तुम्ही ज्या दारातून आले ते आता सगळ्यांसाठी उघडं आहे. आतली कडी लावा अन् ग्रुपवर टाका की मागून येणाऱ्याने फोन करावा.

लाईन ये-जा करत असेल तर लिफ्ट नको. लिफ्टला रेस्क्यू बॅटरी असेल तर लाईन गेल्यावर ती जवळच्या मजल्यावर येऊन उघडते, पण ती बॅटरीही त्याच उन्हाळ्यातून गेली आहे. कोणी आत अडकलं असेल तर बाहेरून बोलत राहा, लिफ्टवाल्याला फोन लावा, जीव घाबरा झाला असेल तर ११२. दार सळाखीने फाकवू नका, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असली की बाहेर उडी मारणारा खाली खड्ड्यात जातो.

आता फ्लॅटचं दार. डिजिटल लॉक सेलवर चालते, म्हणून लाईनशी त्याचा संबंध नाही, पण सेल संपायला हीच रात्र सापडते. बऱ्याच लॉकला बाहेरून खाली दोन बारीक टोकं असतात, त्याला ९ व्होल्टचा चौकोनी सेल धरून पिन टाकला की उघडते. काही नव्या लॉकला चार्जरची पिन चालते, पॉवर बँक लावता येते. तो ९ व्होल्टचा सेल गाडीच्या डिकीत ठेवा. लॉकसोबत आलेली साधी चाबी लोक घरातल्याच कपाटात ठेवतात, ती आजच बाहेर काढा अन् शेजारी द्या.

८. कोणीच उठलं नाही तर

घरात एकटं म्हातारं माणूस, लेकरू, चालू गॅस असं काही असेल तर वेळ घालवू नका, ११२ ला फोन करा, दवाखान्याचं काम असेल तर १०८. तसं काही नसेल तर रात्रीपुरतं नातेवाइकाकडे जा. कुलूप तोडायचंच ठरलं तर बिल्डिंगच्या दोन माणसांना फोनवर सांगून, त्यांच्या होकाराने, अन् तेही छोट्या गेटचं कुलूप, मॅग्नेट किंवा मोटर नाही. कुलूप सकाळी दुसरं आणता येते.

९. लाईन आल्यावर

मोटरचा एमसीबी वर करायच्या आधी दांडी बसली का पाहा, मग एकदा रिमोटने पूर्ण उघडून बंद करा. मॅग्नेट चिकटला का ते दार ओढून पाहा, नुसता लाल लाईट पाहून विश्वास ठेवू नका. हिरवा डबा दाबला असेल तर तो त्याच्या चाबीने परत जागेवर आणावा लागते, नाहीतर दार उघडंच राहते अन् सगळे म्हणतात लॉक खराब झालं. मशीनची तारीख-वेळ पाहा, काही स्वस्त मशीनमध्ये ती मागे जाते अन् मग वेळ लावून दिलेली कार्डं चालत नाहीत, कामवाल्या बाईचं कार्ड सकाळी लागलं नाही तर बहुतेक हेच कारण असते.

अन् बॅटरी किती वेळ टिकली ते त्या दारामागच्या कागदावर लिहा. मागच्या वेळेच्या अर्ध्यावर आली असेल तर पुढच्या वावधनाची वाट न पाहता बदलून टाका.